टाकीवरील सोनेरी अक्षरे

जुनी मोटारसायकल पाहणारा मनुष्य इंजिनाचा विचार मागाहून करतो. प्रथम तो टाकीवरील नाव वाचतो. काळ्याभोर टाकीच्या बाजूवर सोनेरी अक्षरांत उमटलेले ते नाव वाचल्यावाचून सहसा कोणी पुढे जात नाही. इंजिन लोखंडाचे व ॲल्युमिनियमचे असते, चौकट पोलादी नळ्यांची असते, खुद्द टाकीही पत्र्याची असते. ज्या नावावरून हे सारे ओळखावयाचे ते नाव मात्र कागदाहून पातळ अशा रंगाच्या एका पापुद्र्याचे असते. इंग्रजीत त्यास ट्रान्स्फर किंवा डिकॅल म्हणतात; आपल्याकडील गॅरेजांतून अलीकडे सरसकट स्टिकर म्हणतात; लहान मुले ज्याला पाण्याने उठवावयाचा छाप म्हणत, तोच हा प्रकार. आजच्या भाषणात मी त्यास छाप असेच म्हणेन.

जुन्या फटफट्या हुडकून काढून त्यांचा जीर्णोद्धार करण्याची हौस आपल्या शहरांतून व तालुक्याच्या गावांतूनही आता रुजली आहे. कित्येक महिने खपून यंत्र दुरुस्त करावे, टाकीस रंग द्यावा, हौसेने छाप लावावा, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कडा सुटाव्या, किंवा पेट्रोल भरताना दोन थेंब ओघळून अक्षरे डागाळावी, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. छापाचे रक्षण कसे करावे, हा प्रश्न दिसावयास केवळ रंगाऱ्याचा आहे. परंतु हा छाप कोणी, कशासाठी आणि कोणत्या थरांच्या मध्ये बसविला, हे ठाऊक नसल्यामुळेच तो बहुधा बिघडतो. यास्तव थोडे मागे जाऊन पाहू.

एका पृष्ठभागावर छापलेले चित्र उचलून दुसऱ्या पृष्ठभागावर बसविण्याची कला अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आली. लिव्हरपूल येथील जॉन सॅडलर व गाय ग्रीन ह्या दोघा मुद्रकांनी १७५६ साली शपथपूर्वक असे लिहून दिले की, २७ जुलै रोजी आपण सहा तासांच्या आत बाराशेहून अधिक मातीच्या फरशांवर चित्रे छापली. त्यापूर्वी प्रत्येक फरशीवर चितारी हाताने चित्र काढीत असे. आता तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावे, पातळ कागदावर त्याचा ठसा घ्यावा, तो ओला असतानाच फरशीवर दाबावा, आणि कागद काढून घ्यावा, एवढ्यात काम भागू लागले. वक्र भांड्यावर थेट छापता येत नाही. कागदाला मात्र हवे तसे वळविता येते. सगळी युक्ती ह्यातच आहे.

पुढे १७९६ ते १७९८ ह्या काळात बव्हेरियात अलॉइस झेनेफेल्डर ह्याने शिळामुद्रणाचा शोध लावला, आणि ह्या कलेस रंगांची जोड मिळाली. एकेका रंगासाठी एकेक शिळा वापरून चित्र पुरे करावयाची ही रीत आपणांस अपरिचित नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत जो छापखाना काढला आणि जो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला, त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे ह्याच रीतीने छापलेली होती आणि ती महाराष्ट्रात घरोघरी भिंतींवर लागली. युरोपात त्याच शिळांवरून गोंद लावलेल्या कागदावर उलट्या क्रमाने रंग छापून छाप तयार होऊ लागले. फ्रेंच भाषेत त्यांच्या वेडाला 'डेकाल्कोमानी' असे नाव पडले. डिकॅल हा शब्द त्याचाच तुकडा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे वेड इतके पसरले की पेट्या, खुर्च्या, घोडागाड्या, शिवणयंत्रे, काहीही छापावाचून राहिले नाही. आपल्या आजी-पणजीच्या काळ्या सिंगर शिवणयंत्रावरील सोनेरी वेलबुट्टी आठवावी. ती हाताने काढलेली नसून छापाने उठविलेली असे.

उलटा क्रम म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण पुढील सर्व रक्षण त्यावर अवलंबून आहे. साध्या चित्रात पार्श्वभूमी आधी येते आणि बारकावे शेवटी येतात. रोगणाने बसविण्याच्या जुन्या छापात ह्याच्या उलट करीत. गोंदाच्या कागदावर आधी बारकावे छापावयाचे, मग मोठे रंग, आणि सर्वांत शेवटी पांढऱ्याचा किंवा सोनेरी वर्खाचा थर द्यावयाचा. लावणारा कारागीर त्या शेवटच्या थरावर चिकट रोगणाचा अगदी पातळ हात देई. ते किंचित सुकून बोटाला नुसते धरू लागले की छाप पालथा करून टाकीवर दाबी. मग पाठीचा कागद पाण्याने भिजवून सरकवून काढी. कागद निघाला की चित्र सुलटे दिसे. जो थर शेवटी छापला तो सर्वांच्या तळाशी गेला, आणि जो पहिला छापला तो सर्वांच्या वर आला. नुसत्या पाण्याने सरकणारा छाप हा पुढचा सोपा प्रकार. त्यात चित्र सुलटेच छापलेले असते आणि कागदावरील गोंदच त्यास धरून ठेवतो. पहिल्या प्रकाराची पकड रोगणाची, दुसऱ्याची गोंदाची. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. छाप उघडा ठेवण्यासाठी केलेला नसतो. त्यावर पारदर्शक रोगणाचा थर येणार हे गृहीत धरूनच तो केलेला असतो.

आता हा छाप मोटारसायकलीवर कसा आला ते पाहू. इंग्लंडच्या मध्यभागी वुल्व्हरहॅम्प्टन व बिल्स्टन ही गावे काळ्या चकचकीत पत्र्याच्या तबकांसाठी व पेट्यांसाठी प्रसिद्ध होती. चीन-जपानमधील लाखी भांड्यांची युरोपास मोहिनी पडली होती. तेथील मूळ लेप एका झाडाच्या चिकापासून होतो. तो युरोपात मिळेना, तेव्हा इंग्रज कारागिरांनी डांबराच्या जातीचा ॲस्फाल्ट, जवसाचे तेल व टर्पेंटाइन ह्यांचे काळे रोगण करून ते भट्टीत भाजण्याची युक्ती काढली. ह्या कामास ते 'जपानिंग' म्हणत. १८५१ साली जॉन मार्स्टन नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा वुल्व्हरहॅम्प्टन येथील एडवर्ड पेरी ह्याच्या कारखान्यात हे काम शिकण्यास राहिला. त्या कारखान्याचे नाव 'जेडो वर्क्स' असे होते; जेडो म्हणजे आजच्या टोकियोचे जुने नाव. तबकांचा धंदा करणाऱ्यास जपानच्या राजधानीचे नाव मिरवावेसे वाटले, ह्यावरून त्या मोहिनीची कल्पना येईल.

१८५९ साली मार्स्टनने बिल्स्टन येथे स्वतःचा धंदा सुरू केला, आणि १८८७ साली तो सायकली बनवू लागला. सायकलीची चौकट त्याने आपल्या तबकांप्रमाणेच काळ्या रोगणाचे थरावर थर देऊन भाजून काढली. त्या चौकटीवर सूर्यकिरण चमकताना पाहून त्याच्या पत्नीने 'सनबीम' हे नाव सुचविले, असे सांगतात. १९१२ साली त्याच कारखान्यातून सनबीम मोटारसायकल बाहेर पडली. काळी टाकी, तिच्या कडेने सोन्याच्या वर्खाच्या रेघा, आणि मध्ये सोनेरी नाव, हा तिचा वेश पुढे साऱ्या इंग्रज मोटारसायकलींचा जणू दरबारी पोशाख ठरला. बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेटने तो घेतला, स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंटने घेतला. आज आपण ज्याला जुन्या फटफटीचा रुबाब म्हणतो, तो वस्तुतः तबके करणाऱ्यांचा वारसा आहे.

ह्या कामात आपल्या देशाचाही एक धागा आहे. लॅकर हा शब्द लाक्षा म्हणजेच लाख ह्या शब्दापासून निघाला. पळस, कुसुंब, बोर ह्या झाडांवरील किड्यांची लाख शुद्ध करून जो चपडा होतो, तो भारतातून युरोपात फार मोठ्या प्रमाणावर जात असे, आणि स्पिरिटात विरघळवून त्याचे पॉलिश करीत. शिवणयंत्रांवरील सोनेरी वेलबुट्टीवरही कित्येकदा ह्याच चपड्याचा पारदर्शक हात असे. चित्र काढावे आणि वर लाखेचे कवच घालावे, ही कल्पना सावंतवाडीच्या चितारी मंडळींस शिकविण्याची गरज नव्हती. तेथील गंजिफांची पाने पाहावीत. रंगविलेल्या पानावर लाखेचा हात दिल्यामुळेच हातात खेळविलेली पाने वर्षानुवर्षे रंग सोडीत नाहीत. चित्र टिकते ते वरच्या कवचामुळे. आणि कवच गेले की चित्राचे आयुष्य मोजकेच उरते. हा एकच नियम गंजिफेच्या पानास, शिवणयंत्रास व मोटारसायकलीच्या टाकीस सारखाच लागू आहे.

कारखान्यात रेघा आणि नाव ही दोन कामे निराळी असत. रेघा लांब केसांच्या मऊ कुंचल्याने एका दमात ओढीत. ते काम फार सरावलेल्या हाताचे. नाव मात्र छापाने उठवीत, कारण हजारो टाक्यांवर एकच अक्षर, एकाच मापाचे, एकाच जागी यावयास हवे. दोन्ही झाल्यावर वरून पारदर्शक रोगण चढे. रेघा हाताने ओढण्याची ही रीत आपल्याकडेही आली. इंग्लंडमधील रेडिच हे मुळात सुया करणारे गाव. तेथील एन्फील्ड कंपनीची 'बुलेट' १९३२ साली प्रथम प्रसिद्ध झाली. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि तेथे बुलेट तयार होऊ लागली. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला, १९७० साली इंग्लंडमधील उरलेले उत्पादनही संपले. परंतु टाकीवर हाताने सोनेरी रेघ ओढण्याची विद्या चेन्नईच्या कारखान्यात एकविसाव्या शतकातही चालू राहिली. मूळ घर उठले आणि सासरी गेलेल्या लेकीने माहेरचा कुळाचार सांभाळला, तसेच हे झाले.

छाप म्हणजे केवळ शोभा असती तर त्यासाठी एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. तो पुरावा आहे. ह्याचे एक उत्तम उदाहरण व्हिन्सेंटचे आहे. हॉवर्ड डेव्हिस नावाच्या शर्यतपटूने १९२४ साली आपल्या नावाची आद्याक्षरे घेऊन एच. आर. डी. ही कंपनी काढली, आणि १९२५ साली आपल्याच मोटारसायकलीवर बसून 'आइल ऑफ मॅन' बेटावरील मुख्य शर्यत जिंकली. तथापि कंपनी चालली नाही. १९२८ साली फिलिप व्हिन्सेंट ह्या तरुणाने ते नाव विकत घेतले. नव्या कारखानदाराचे नाव लोकांस ठाऊक नव्हते, म्हणून टाकीवर एच. आर. डी. ही अक्षरे ठळक ठेवून स्वतःचे नाव त्याने लहान अक्षरांत घातले. दुसऱ्या महायुद्धानंतर माल अमेरिकेत जाऊ लागला, तेव्हा एच. आर. डी. ही अक्षरे पाहून लोकांचा हार्ले-डेव्हिडसनशी घोटाळा होऊ लागला. यास्तव १९४९-५० च्या सुमारास एच. आर. डी. ही अक्षरे गाळण्यात आली व केवळ व्हिन्सेंट हे नाव उरले. म्हणजे टाकीवरील छाप पाहूनच जाणत्या माणसास यंत्राच्या काळाचा अंदाज येतो. १९५५ साली कारखान्याने मोटारसायकली करणे थांबविले; त्या बदलाची साक्ष आता कागदपत्रांइतकीच टाक्यांवरील पापुद्रे देतात.

दुसरे उदाहरण बी. एस. ए. ह्या कंपनीचे. बर्मिंगहॅम येथील बंदुका करणाऱ्या कारागिरांनी १८६१ साली ही कंपनी स्थापिली. तिच्या छापावर एकमेकींस टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका दिसतात. मोटारसायकलीवर बंदुका कशाला, असे विचारणाऱ्यास त्या चित्रातच कारखान्याचा सारा इतिहास सापडतो. दुसऱ्या महायुद्धात ह्याच कंपनीने एम. २० जातीच्या सुमारे सव्वा लाख मोटारसायकली सैन्यास पुरविल्या. त्यांवर सोने व चकाकी नव्हती. मंद मातकट रंग होता, कारण चमकणारी टाकी शत्रूस लांबून दिसते. आज अशी एखादी लष्करी गाडी हाती आली आणि हौसेने तिच्यावर शांततेच्या काळातील काळी-सोनेरी टाकी चढविली, तर गाडी सुंदर दिसेल. पण तिने पाहिलेले युद्ध तिच्या अंगावरून पुसले जाईल.

जुन्या ताम्रपटास उजाळा देण्यासाठी तो राखेने व चिंचेने घासून काढणाऱ्या माणसास आपण काय म्हणू? पट लखलखीत होतो आणि अक्षरे जातात. टाकीवरील मूळ छाप फिका पडला, थोडा उडाला, म्हणून तो खरवडून नवा लावणे हे काही अंशी तसेच आहे. वस्तू जीर्णोद्धारित कितीही वेळा होऊ शकते. मूळ स्थितीत ती एकदाच असते. म्हणून रंगाऱ्याकडे टाकी देण्यापूर्वी मालकाने स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे: वाचता येण्याजोगा मूळ छाप अजून शिल्लक आहे काय? असेल, तर तो आहे तसा राखावा. मऊ फडक्याने, साध्या साबणाच्या कोमट पाण्याने, न घासता धूळ काढावी, आणि वर मेणाचा हलका हात द्यावा. मेण पुढे केव्हाही काढता येते. जे नंतर काढता येईल तेच वर घालावे, हा संग्रहालयांतील जतनकारांचा नियम येथे सर्वांत उपयोगी आहे. मूळ छापावर आधुनिक कडक रोगण मारले, तर ते पुन्हा काढता येत नाही. आणि काढावयास गेले तर छापही घेऊन जाते.

छाप अगदीच नष्ट झाला असेल, किंवा टाकी गंजून पत्रा बदलणेच भाग असेल, तर नवा छाप लावण्यात काहीही गैर नाही. इंग्लंडमध्ये सॉलिहल येथील राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयास १६ सप्टेंबर २००३ रोजी आग लागली आणि सुमारे ३८० यंत्रे जळाली. आगीत पोलाद काळे पडूनही उरते, रंग व नाव उरत नाही. तरीही त्यांतील बरीच यंत्रे पुन्हा उभी करण्यात आली. असे काम मापे, छायाचित्रे व नमुने जपून ठेवणाऱ्यांच्या बळावर होते. इंग्लंडमधील व्हिंटेज मोटरसायकल क्लब ह्या १९४६ साली स्थापन झालेल्या संस्थेने जुन्या छापांचे नमुने व प्रती सांभाळण्याचे काम पुष्कळ केले, ते ह्याच कारणाने. आपणही टाकी खरवडण्यापूर्वी छापाचा पारदर्शक कागदावर गिरवून नमुना घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावे, आणि टाकीच्या कडेपासून, तोटीपासून व खालच्या शिवणीपासून छाप किती अंतरावर आहे ते लिहून ठेवावे. ह्या अर्ध्या तासाच्या कामाने पुढील पिढीचा एक पुरावा वाचतो.

आता नव्या छापाच्या शत्रूंचा विचार करू. पहिला शत्रू पेट्रोल. सनबीमच्या काळातील भाजलेले तैल-रोगण पेट्रोलास पुष्कळ दाद देत नसे. १९२३-२४ पासून मात्र अमेरिकेत 'ड्यूको' नावाचा सेल्युलोज रंग आला. तो फवाऱ्याने मारता येई व तासाभरात सुके. पूर्वी ह्या कामास कित्येक दिवस लागत. वेळ वाचला; परंतु हा रंग सुकल्यावरही आपल्या द्रावकास ओळखतो, म्हणजे योग्य द्रावक मिळाला की पुन्हा मऊ होतो. म्हणून जुन्या सेल्युलोजच्या टाकीवर पेट्रोलाचा ओघळ डाग ठेवून जातो.

दुसरा शत्रू पेट्रोलातील मद्यार्क. तो अगदी नवा आहे असे नव्हे. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'क्लीव्हलँड डिस्कॉल' नावाचे मद्यार्कमिश्रित पेट्रोल विकले जात असे. परंतु त्या काळी तो ज्याच्या त्याच्या निवडीचा भाग होता. भारतात २०२५ सालापर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले, आणि त्यातील काही वाटा उसाचा आहे. उसाचे उत्पादन करणाऱ्या महाराष्ट्रास ही गोष्ट हिताची आहे, ह्यात शंका नाही. मात्र जुन्या यंत्राच्या मालकाने तिचा अर्थ ओळखावा. चपडा कशात विरघळतो, हे कोणताही सुतार सांगेल: स्पिरिटात. आणि इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. ज्या टाकीवर किंवा छापावर चपड्याचा हात असेल, तिच्यावर आजच्या पेट्रोलाचा थेंब पडणे म्हणजे पॉलिशवर स्पिरिटाचे फडके ठेवणे होय. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी टाकीच्या तळाशी बसले की पत्रा आतून गंजतो, त्यास सुईच्या अग्राएवढी भोके पडतात, आणि तेथून झिरपणारे पेट्रोल रंगास खालून फुगे आणते. वरून कितीही कवच घातले तरी हा हल्ला आतून येतो. म्हणून छापाचे रक्षण टाकीच्या आतून सुरू होते: रंगकामापूर्वी टाकी आतून स्वच्छ करावी, पाणी भरून व हलक्या दाबाने तपासून भोके बुजवावी, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहावयाची असेल तर टाकी मोकळी व कोरडी ठेवावी.

तिसरा शत्रू ऊन, आणि चौथा आपलाच हात. कित्येक रंग, विशेषतः काही तांबडे, उन्हाने लवकर उडतात. खऱ्या सोन्याचा वर्ख काळवंडत नाही. पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग मात्र हवा लागली की काळा-तपकिरी पडतो, म्हणून त्यावर कवच आणखी अगत्याचे. आणि हात म्हणाल तर, चकाकी आणण्याचे खरबरीत पॉलिश वारंवार घासल्याने जितके छाप गेले, तितके पावसाने गेले नसतील. जुन्या टाक्यांवर दोन्ही बाजूंस गुडघ्यांसाठी रबरी गाद्या असत. त्या केवळ बसणाऱ्याच्या सोयीच्या नव्हत, रंगाचेही रक्षण त्या करीत. त्या गाद्या गाळून टाकू नयेत.

ह्या सर्वांवरून लावण्याची रीत निघते. टाकीवर अस्तर, लांबी व रंग झाल्यावर तो पुरता कडक होऊ द्यावा. पाण्याचा छाप असेल तर तो कोमट पाण्यात भिजवून सरकवावा, मधोमध दाबून कडेकडे पाणी व हवा काढावी, आणि भोवती सांडलेला गोंद ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. गोंद राहिला तर त्यावर रोगण धरत नाही. मग निदान एक दिवस, पावसाळी हवेत त्याहून अधिक, तो सुकू द्यावा. खाली पाणी कोंडले आणि वर रोगण चढले, तर उन्हात फोड उठणार, हे ठरलेलेच आहे. त्यानंतर पारदर्शक कवच द्यावे. पण पहिला हात अगदी विरळ, नुसता धुक्यासारखा असावा. ओला जाड हात एकदम मारला तर त्यातील द्रावक छापात शिरून त्यास सुरकुत्या आणतो. एकेक पातळ थर सुकवीत चार-पाच थर चढल्यावर, पाण्यात भिजविलेल्या बारीक पॉलिशपेपराने छापाची कड हलकेच समतल करून शेवटचा थर द्यावा. हा सर्व प्रयोग आधी पत्र्याच्या तुकड्यावर, त्याच रंगाने व त्याच छापाने करून पाहावा.

पेट्रोलास आज सर्वांत चांगले तोंड देते ते दोन द्रव मिसळून वापरावयाचे पॉलियुरेथेन रोगण. परंतु त्याच्या फवाऱ्यातील आयसोसायनेट नावाची द्रव्ये फुप्फुसांस घातक असून त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. तोंडास रुमाल बांधून घराच्या पडवीत हे काम करणे म्हणजे टाकीचे कवच आपल्या श्वासाने विकत घेणे होय. ते बाहेरून हवा पुरविणारा मुखवटा असलेल्या रंगाऱ्याकडूनच करवावे. मागे चिकट असलेले प्लास्टिकचे स्टिकर हा सर्वांत सोपा मार्ग. चिकट लेबलाची कल्पना १९३५ साली अमेरिकेत स्टँटन एव्हरी ह्याने धंद्यात आणली. पण त्यांची कड जाड असते, आणि उघड्या कडेखाली पेट्रोल शिरले की पकड सुटते. वापरावयाचेच असतील तर तेही कवचाखाली घ्यावे.

रोजच्या वागणुकीचे नियम थोडेच आहेत. पेट्रोल भरताना तोंडाभोवती जुने सुती फडके धरावे, टाकी काठोकाठ भरू नये, आणि झाकणाचे रबर सुकले असेल तर बदलावे. थेंब सांडल्यास घासू नये. टिपून घ्यावा व ओल्या फडक्याने धुवावा. गाडी झाकावयाची ती सुती कापडाने. प्लास्टिकखाली पावसाळ्यात घाम धरतो, आणि कोकणात तर तो महिनोन्महिने वाळत नाही.

जाता जाता सनबीमकडे पुन्हा एकदा पाहू. जॉन मार्स्टन १९१८ साली वारला. कारखाना नोबेल कंपनीकडे गेला, १९२६ साली तीसह आय. सी. आय. ह्या रसायनांच्या प्रचंड संस्थेत विलीन झाला, १९३७ साली सनबीम हे नाव असोसिएटेड मोटर सायकल्सला व १९४३ साली बी. एस. ए. ला विकले गेले. इमारत निराळी, यंत्रे निराळी, कारागीरही निराळे झाले. प्रत्येक विक्रीत ज्याची किंमत मोजली गेली ते टाकीवरील नाव होते. तबके रंगविणाऱ्या एका मुलाच्या हातातील कसब, त्याच्या पत्नीने पाहिलेली उन्हाची तिरीप, आणि शेकडो अनाम रंगाऱ्यांनी एका दमात ओढलेल्या रेघा, हे सारे त्या पापुद्र्यात साठले आहे. ज्याच्याकडे अशी एखादी टाकी असेल, त्याने तिच्यावरील अक्षरांस आपल्या मालकीची शोभा न मानता आपल्याकडे ठेवावयास दिलेली ठेव मानावे, आणि पुढच्या हाती देताना ती वाचता येतील एवढी काळजी घ्यावी.